भागीरथीअक्कांची बेंझ

१

चावी काढून हातात घेतली तरी गाडी थांबेना.

पापनाशमच्या मंगल कार्यालयासमोर वरातीची माणसं उभी होती, नादस्वरवाल्याने नुकताच सूर धरला होता, आणि फुलांनी मढवलेली पांढरी बेंझ दारात धडधडत राहिली. भागीरथीअक्कांनी चावी पुन्हा घातली, फिरवली, काढली. इंजिन आपलं चालूच. नवरा-नवरी उतरून आत गेली तरी बघ्यांची नजर गाडीवरून हलेना. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

"मॅडम, गाडीच्या अंगात आलं की काय?" गणेशकुमार पुढे येत म्हणाला. तंजावरात त्याच्या भाड्याच्या सहा अँबॅसडर होत्या. लग्नाची ही वर्दी त्यानेच आणली होती. वर्षभर तो अक्कांच्या मागे लागला होता, बेंझ मला विका म्हणून.

अक्का उतरल्या. वय बावन्न, अंगावर मोरपंखी रेशमी साडी, मानेवर घट्ट अंबाडा. पदर कमरेला खोचून त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत हात घालून 'स्टॉप' असं कोरलेला लहानसा खटका अंगठ्याने दाबला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. हसणारेही गप्प झाले.

"डिझेल गाडी आहे," अक्का हात पुसत म्हणाल्या. "चावीनं नाही थांबली तर हातानं थांबवायची."

"पण मॅडम, हे असं किती दिवस? मागच्या डाव्या खिडकीची काचही अर्ध्यावर अडकते. काल हार बांधताना मी पाहिलं की. त्या रघोजी मेकॅनिकनं परवा गाडीला हात लावला आणि वाट लावली. आता तरी विका."

"गणेशकुमार, काचेचं मला काल का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तुम्हाला या गाडीविरुद्ध बोललेलं सोसत नाही."

ते खरं होतं. पण अक्कांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मंगळवारी संध्याकाळी हीच गाडी त्यांनी स्वतः चावीने बंद केली होती, आणि ती एका क्षणात थांबली होती.

२

सत्तावीस वर्षं भागीरथीअक्का तंजावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी सगळ्या जिल्ह्याचे जन्म, मृत्यू, लग्नं आणि भांडणं जोडून दिली. मग यंत्रं आली, लोक स्वतःच मद्रास-मुंबईचे नंबर फिरवू लागले, आणि अक्कांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. हाती आलेल्या पैशातून त्यांनी काय करावं? मद्रासला एका परदेशी कचेरीने काढून टाकलेली चौदा वर्षांची बेंझ घेतली.

मेल वीथीत, अक्कांच्या रस्त्यावर, त्या दिवशी प्रत्येक ओसरीवर हीच चर्चा होती. लग्न न केलेली बाई, तीन पिढ्यांत घरात सायकलपलीकडे काही नाही, आणि ही बेंझ चालवणार! धाकटा भाऊ वेंकटराव तर आठवडाभर बोलला नाही. एकाच घराच्या पुढच्या भागात तो, त्याची बायको राजम आणि मुलगा राहत, मागच्या भागात अक्का. मागच्या गोठ्याची त्यांनी गाडीसाठी शेड केली.

"पांढरा हत्ती बांधलास दारात," वेंकटराव बोलायचा. "रबराची एक नळी गेली तर मद्रासला धावावं लागतं. बाईमाणसाचं काम आहे काय हे?"

अक्का मद्रासला धावत. पुदुपेटच्या जुन्या बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांच्या ढिगात वाकून नळ्या, वॉशर, दिव्यांच्या काचा शोधत. मिळालं नाही तर रघोजी लॉरीचा भाग कानशीने घासून बसवी. साठीचा रघोजी गावातला एकच मेकॅनिक, ज्याने या गाडीला हात लावताना आधी चप्पल काढली होती. त्याच्याशेजारी बाकावर बसून अक्कांनी वर्षभरात गाडी नटबोल्टांसकट समजून घेतली.

त्या आठवड्यात मात्र मेल वीथीला बोलायला गाडीपेक्षा मोठा विषय मिळाला होता. मागच्या गल्लीतल्या लक्ष्मीनरसिंहाच्या छोट्या देवळातली उत्सवमूर्ती नाहीशी झाली होती. वीतभर उंचीची, पंचलोहाची, अडीचशे वर्षांची. मंगळवारी रात्री आरतीला सगळ्यांनी पाहिली. बुधवारी पहाटे पुजारी जयतीर्थाने दार उघडलं तर देव्हारा रिकामा. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन: एक जयतीर्थाकडे, दुसरी देवळाचा विश्वस्त म्हणून वेंकटरावाकडे. वेंकटरावाने सकाळी आठला पोलिसांत फिर्याद दिली आणि संध्याकाळी पोलीस जयतीर्थाला घेऊन गेले. त्याला नेताना त्याच्या अंगावर सोवळंच होतं. घरातून सदरा आणू द्या, एवढंही त्याला म्हणता आलं नाही.

अक्कांनी ते ओसरीवरून पाहिलं होतं. जयतीर्थ त्यांच्यासोबत पाटीवर धुळाक्षरं गिरवलेला माणूस.

३

लग्न लागताच, दुपारी बारा वाजता, अक्का बेंझ घेऊन थेट रघोजीच्या शेडवर आल्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

"अक्का, गणेशकुमारनं स्टँडवर सगळ्यांना सांगितलं," रघोजी म्हणाला. तो बाकावर बसला होता, हातात पाना, पण काम काही नव्हतं. सकाळपासून दोन गाड्या परत गेल्या होत्या. "चाळीस वर्षं झाली पाना धरून. असं कोणी बोललं नव्हतं."

"अण्णा, मी जाब विचारायला आले नाही. शोधायला आले. ही चावीनं थांबते ती कशी, ते तुम्हीच मला शिकवलंत."

"हवेच्या ओढीनं. इंजिन चालताना पंप नळ्यांतली हवा ओढून घेतो. चावी बंद केली की त्या ओढीनं डिझेल तुटतं."

"आणि दारांची कुलुपं?"

रघोजी उठून उभा राहिला. "तीही त्याच ओढीवर. एका किल्लीत चारी दारं लागतात ती त्यानंच." त्याने पाना खाली ठेवला. "म्हणजे एखाद्या दारातली नळी निसटली तरी..."

"तरी इंजिन थांबणार नाही. आणि एक काच अडकते आहे, मागची डावी."

दोघांनी मिळून त्या दाराचं आतलं निळं आवरण सैल केलं. ते निघताना रघोजीचा चेहरा बदलला. आवरण धरून ठेवणाऱ्या कड्यांपैकी दोन मोडल्या होत्या. आतला मेणकागद फाटला होता. बोटाएवढी पिवळी नळी कुलुपापासून सुटून लोंबत होती.

"हे कोणीतरी उघडलंय, अक्का. घाईनं उघडलंय. मी असं करीन काय?"

अक्कांनी बांगड्या वर सारल्या आणि दाराच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. काच जिथे अडत होती तिथे काहीतरी जड होतं. कापडात गुंडाळलेलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि बाकावर ठेवून गाठ सोडली.

सिंहमुख, मांडीवर लक्ष्मी. देवाच्या कपाळावर मंगळवारचं गंध अजून होतं.

४

रघोजीने आधी हात जोडले आणि मग घाबरला.

"अक्का, आत्ताच्या आत्ता पोलिसांत द्या."

"देऊ. पण देताना ते काय विचारतील? गाडीला शेवटचा हात कोणी लावला? तुम्ही. गाडी कोणाची? माझी. पुजारी आत आहेच. जयतीर्थानं काढली, रघोजीनं लपवली, भागीरथीनं मद्रासला पोचवली, अशी साखळी अर्ध्या तासात तयार होईल. रविवारी मी मद्रासला जाणार, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. वाटेतले पोलीस माझी गाडी अडवत नाहीत, उलट सलाम करतात. ज्यानं हा देव येथे ठेवला त्यानं एवढं सगळं मोजून ठेवलं. आणि वर मला हमाल केलं." अक्कांनी देवावर कापड परत ओढलं. "मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. मी त्याचं नाव घेऊनच ठाण्याची पायरी चढीन."

"मी करू शकलो असतो, असं तुमच्या मनात..."

"नाहीच, अण्णा. मंगळवारी सहाला तुम्ही गाडी आणून दिली. मी चावीनं बंद केली, ती थांबली. रात्री आठच्या आरतीला देव देवळात होता. त्यानंतर तुम्ही गाडीजवळ आलाच नाही. शिवाय तुम्हाला ती नळी ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नव्हती त्यानंच ती उपटली."

मंगळवार रात्र ते गुरुवार सकाळ. एवढ्या वेळात गाडी दोघांच्याच हाती गेली होती. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता गणेशकुमार फुलं घेऊन आला होता. अक्का दिवा लावायला आत गेल्या तेव्हा अर्धा तास तो गाडीपाशी एकटाच होता.

आणि बुधवारी सकाळी नऊला वेंकटरावाने गाडी मागितली होती. ओरत्तनाडूच्या कचेरीत मोठे साहेब यायचे होते म्हणाला. वर्षभरात त्याने पहिल्यांदाच गाडी मागितली म्हणून अक्कांना इतकं बरं वाटलं होतं की चावी देताना त्यांनी त्याच्या हातात थर्मासमधली फिल्टरची कापीही दिली होती.

गणेशकुमार त्याच्या ऑफिसात भेटला. अक्कांनी सरळ विचारलं, "काल तुम्ही आलात तेव्हा काच अडकलेली होती, की तुमच्या हातून अडकली?"

"अय्यो मॅडम, आता काचही माझ्यावर? आल्या आल्या खाली करायला गेलो, अर्ध्यावर थांबली. म्हणून हाराची दोरी उजव्या बाजूनं घेतली. जाऊन बघा, डावीकडे गाठच नाही."

अक्का बाहेर येऊन गाडीजवळ गेल्या. छतावरून आलेली झेंडूची दोरी खरंच उजव्या खिडकीतून ओवली होती. डावं टोक नुसतं चिकटपट्टीने दाबलं होतं. माणूस खोटं बोलू शकतो, पण काच अडण्याआधी हार बांधायला सुरुवात केली असती तर दोरी दोन्हीकडून गेली असती.

तरीही त्यांना हे पुरेसं वाटेना. किंवा पुरेसं वाटू नये असं वाटत होतं. कारण गणेशकुमार सुटला की एकच माणूस उरत होता.

५

राजम मागच्या अंगणात पापड उलटत होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीची शेड दिसे.

"राजम, काल वेंकट दुपारी कधी आला?"

"एक वाजता, अक्का. मी फोनवर होते, साईप्रियाशी बोलत." साईप्रिया तिची मुलगी, मद्रासला बँकेत होती. "ते आत आले, चावी कोठे लावू म्हणाले. मी खुंटी दाखवली."

"गाडी नीट थांबली होती?"

राजमचा हात पापडावर थांबला. "असेल की. माझं लक्ष नव्हतं." तिने अक्कांकडे पाहिलं नाही.

सत्तावीस वर्षं ऐकलेल्या आवाजांवरून अक्कांना एक गोष्ट पक्की कळत होती: माणूस खोटं बोलतो तेव्हा शब्द ठीक असतात, आधीचा श्वास चुकतो. राजमचा श्वास चुकला होता.

अक्का घरात गेल्या आणि साईप्रियाचा मद्रासचा नंबर फिरवला.

"आत्या! काय झालं?"

"काही नाही, कण्णा बाळा. काल आईशी बोलत होतीस तेव्हा मागे काय काय ऐकू आलं, ते आठवून सांग. शब्द नकोत, आवाज सांग."

साईप्रिया हसली. आत्याचे असले प्रश्न तिला नवे नव्हते. "कावळा ओरडत होता. कुकरची शिटी झाली. मग अप्पा आले, चावी कोठे लावू म्हणून विचारलं. तुझी गाडी इतकी धडधडत होती की आईला मोठ्यानं बोलावं लागलं. मग अप्पा बाहेर गेले, गाडीनं एक मोठा धक्का खाल्ला आणि बंद पडली. गियरमध्ये टाकून बंद पाडतात ना, तशी."

"चावी विचारताना गाडी चालू होती? पक्कं?"

"पक्कं. मी आईला म्हटलंसुद्धा, अप्पा चावी आणतात आणि गाडी बाहेर ओरडते, जादू आहे."

अक्कांनी फोन ठेवला. बुधवारी दुपारी एक वाजता, गणेशकुमार येण्याच्या चार तास आधी, नळी सुटलेली होती. आणि त्याहून वाईट असं की वेंकटरावाला ते कळलं होतं. या गाडीच्या वायपरने कुरकूर केली तरी चार दिवस ऐकवणारा माणूस, त्याच्या हातात चावी असताना गाडी थांबली नाही, आणि तो कोणापाशी अक्षर बोलला नाही. गाडी वीक, असं म्हणायला याहून चांगली संधी त्याला कधी मिळाली होती? पण बोलला असता तर गाडी रघोजीकडे गेली असती. दार उघडलं असतं.

म्हणून तो गप्प बसला होता.

६

वेंकटराव पाच वाजता कचेरीतून आला तेव्हा ओसरीवर अक्का, राजम आणि रघोजी होते. मधे पाटावर काहीतरी पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं होतं. कापडाचा उंचवटा पाहताच तो खाली बसला.

अक्कांनी त्याला काच, नळी, फोन, सगळं क्रमाने सांगितलं. आवाज चढवला नाही.

"माझ्या गाडीच्या दाराचं कुलूप रघोजीनं एकदा येथेच अंगणात बदललं होतं. तू शेजारी उभा राहून हसत होतास. आवरण कसं निघतं ते तेव्हा पाहिलंस. नळी मात्र पाहिली नाहीस."

"अक्का," वेंकटराव हळू बोलला, "मद्रासच्या एका माणसानं मूर्तीच्या बदल्यात मुलाला अमेरिकेत न्यायचं कबूल केलं आहे. सगळे कागद करून देणार. येथे काय आहे आपल्या मुलांना? आणि मूर्ती आपल्याच पूर्वजांनी दिलेली."

"आणि जयतीर्थ?"

"त्याच्याविरुद्ध काय आहे? महिना-दोन महिन्यांत सुटला असता."

"त्याचा महिना तू कोण वाटणारा?"

वेंकटराव उभा राहिला. आता त्याचा आवाज वेगळा होता. "सरी, ठीक आहे. जा पोलिसांत. काय सांगशील? देव तुझ्या गाडीत मिळाला. गाडी तुझी, मेकॅनिक तुझा. मी फिर्याद देणारा विश्वस्त. फोनवर इंजिन ऐकलं म्हणून मुलगी बापाविरुद्ध बोलेल? एका बाईचं वेड आणि तिची जुनी गाडी. लोक पापनाशमला हसले ते कमी झालं काय? घराण्याचं नाव मातीत घालू नकोस. देव गुपचूप देव्हाऱ्यात ठेवू. चमत्कार झाला म्हणतील, विषय संपेल."

रघोजीने मान खाली घातली. क्षणभर अक्कांनाही वाटलं, हा बोलतो त्यात खोटं काही नाही. आपल्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही.

"लोक वर्षभर हसतात, वेंकट," त्या म्हणाल्या. "तरी मी रोज शेडचं दार उघडते. चमत्कार मी करू देणार नाही. चमत्कारानं देव परत येईल, जयतीर्थाचं नाव नाही येणार. आधी देव चोरला आणि मग घाबरून आणून ठेवला, असंच म्हणतील त्याला, मरेपर्यंत. मला आत टाकतील तर टाकू देत. मी चालले."

"मी पण येते," राजम म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओल्या हातांना पिठाचे डाग.

"मंगळवारी रात्री ते किल्ली घेऊन बाहेर गेले. अर्ध्या तासानं आले. मी विचारलं तर देवळात दिवा बघून आलो म्हणाले. बुधवारी जयतीर्थाला नेलं तेव्हा मला कळलं. कालपासून मी गप्प आहे." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "साईप्रियाला नका ओढू. मी सांगते, माझ्या तोंडानं."

वेंकटराव ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. उन्हं अजून अंगणात होती. समोरच्या ओसरीवरचे दोघे-तिघे उठून आत गेले.

७

त्याच संध्याकाळी वेंकटरावाने ठाण्यात सगळं कबूल केलं. राजमला बोलावंही लागलं नाही, पण ती बाकावर शेवटपर्यंत बसून होती. मद्रासचा तो माणूस आठवड्याने सापडला. जयतीर्थाला दुसऱ्या दिवशी सोडलं.

मूर्ती कोर्टाच्या ताब्यातून देवळाकडे यायला अडीच महिने गेले. नवे विश्वस्त अक्कांकडे आले. त्यांच्यात सगळ्यात ज्येष्ठ होते सेतुमाधवराव. ते म्हणाले, "भागीरथी, झालं गेलं. देव पहाटे मागच्या गल्लीनं आणू. उगीच बोभाटा नको. तुमच्याच घराची गोष्ट आहे, तुमच्यासाठीच बोलतो."

"जयतीर्थाला कधी नेलं होतं?" अक्कांनी विचारलं.

"म्हणजे?"

"संध्याकाळी सहाला. मेल वीथीतून, चालवत. देवही सहालाच येईल. मेल वीथीतून."

सेतुमाधवराव उठले आणि म्हणाले, "नादस्वरवाल्याला मी सांगतो."

त्या संध्याकाळी बेंझ चालत्या माणसाच्या वेगाने मेल वीथीत शिरली. अक्का स्टिअरिंगमागे होत्या. शेजारी जयतीर्थ बसला होता, नवा सदरा, मांडीवर देव, डोळे समोर. तो कोणालाही नमस्कार करत नव्हता. लोकच ओसऱ्यांवरून उतरून हात जोडत होते आणि त्याला ते पाहायचं आहे की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पुढे गणेशकुमार हात हलवत गर्दी बाजूला करत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

अक्कांच्या घरासमोर गाडी आली तेव्हा दार बंद होतं. पुढच्या भागात गेले अडीच महिने दिवसाही खिडक्या लावलेल्या असत. राजम भाजी आणायलाही पहाटे जाई. अक्कांनी गाडीचा वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही.

गाडी थोडी पुढे गेली आणि मागून दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. अक्कांनी गाडी थांबवली.

राजम बाहेर आली होती. केसांत फूल नव्हतं, साडी रोजचीच, पण धुतलेली. ती पायऱ्या उतरली. गर्दीने तिला वाट दिली, की तिच्यापासून अंग चोरलं, ते सांगता येत नव्हतं. ती थेट गाडीपर्यंत चालत आली आणि खिडकीशी वाकली.

"जयतीर्थण्णा," ती म्हणाली, "मी बसू काय?"

नादस्वर थांबला होता. जयतीर्थाने पहिल्यांदाच मान वळवली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या देवाकडे.

"रस्त्यात का उभी राहिलीस, पोरी," तो म्हणाला. "बस."

अक्कांनी मागे हात लांबवून दार उघडलं.